ज्येष्ठ निवासातल्या माजी सैनिकांचा सन्मान: यादी करण्यापासून हयातीच्या दाखल्यापर्यंत

माजी सैनिकांचा सत्कार म्हटलं की बहुतेक संकुलांत ठरलेला कार्यक्रम होतो. शाल, श्रीफळ, पाहुण्यांची तीन भाषणं आणि चहा-बिस्किटं. ज्यांचा सत्कार असतो त्यांचं नाव पत्रिकेत चुकलेलं असतं, हुद्दा अर्धवट छापलेला असतो आणि दीड तास मंचावर बसून त्यांची कंबर धरलेली असते. ठाण्याच्या घोडबंदर रोडवरचं ज्येष्ठ निवास असो, नेरूळचा वृद्धाश्रम असो की निम्मे रहिवासी सत्तरीपुढचे असलेली वर्तकनगरची जुनी सोसायटी असो, काम एकाच क्रमाने करावं लागतं. आधी अचूक माहिती गोळा करायची, मग समारंभ, आणि त्यानंतर वर्षभराची कागदपत्रांची मदत. पहिली पायरी कच्ची राहिली की पुढच्या सगळ्या डळमळतात, म्हणून तिच्यासाठी निदान महिनाभर हाताशी ठेवा.

यादी: कोण, आणि नेमकं काय लिहायचं

सूचनाफलकावर 'माजी सैनिकांनी नावे द्यावीत' असं लिहून भागत नाही. बरेच जण आपणहून सांगत नाहीत, आणि ज्यांना ऐकू कमी येतं किंवा ज्यांची स्मृती गेली आहे त्यांच्यापर्यंत ती सूचना पोचतच नाही. दोघांनी मिळून घरोघर जावं. वेळ सकाळी दहा ते साडेअकराची बरी, कारण औषधं-नाश्ता झालेला असतो आणि दुपारची झोप मोडत नाही.

चौकशी करताना काही जण हमखास सुटतात. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधून निवृत्त झालेल्या बाई 'नर्स होत्या' एवढीच ओळख घेऊन राहत असतात, पण त्या लष्करी अधिकारी असतात. तिन्ही दलांतल्या कारकून, स्वयंपाकी, चालक अशा ट्रेडमधल्या लोकांना 'आम्ही कुठे लढलो' असं वाटतं, पण तेही पूर्ण अर्थाने सैनिकच. १९९२ नंतर अल्पकालीन कमिशन घेतलेल्या महिला अधिकारी आता हळूहळू या वयोगटाकडे येत आहेत. सैनिकांच्या विधवा, वीरमाता आणि वीरपिता यांची नावं पहिल्या पानावरच घ्या, पुरवणी यादीत नकोत. सीमा सुरक्षा दल, सीआरपीएफ किंवा पोलिसांतून निवृत्त झालेले सरकारी व्याख्येनुसार 'माजी सैनिक' नाहीत. त्यांचा सन्मान जरूर करा, पण यादीत त्यांचं दल स्पष्ट लिहा, म्हणजे नंतर कुजबुज होत नाही.

प्रत्येकासाठी एक कागद करा. त्यावर पूर्ण नाव (मराठीत, आणि पीपीओवर म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर आहे तसं इंग्रजीतही), दल, रेजिमेंट किंवा कोअर, निवृत्तीच्या वेळचा हुद्दा, भरती आणि निवृत्तीचं वर्ष आणि पदकं लिहा. शेवटी तीन प्रश्न: कार्यक्रमात नाव घेतलेलं चालेल का, फोटो चालेल का, चालता-बसताना काय अडचण आहे. एखादा 'नको' म्हणाला तर विषय तिथेच संपवायचा. त्याच्या मुलाकडून होकार मिळवणं हा सन्मान नव्हे.

हुद्द्यातल्या चुका सगळ्यांत जास्त होतात. 'हवालदार' ऐकून पोलिसातला समजतात. नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर हे तीन वेगळे हुद्दे आहेत आणि त्यांच्यामध्ये कित्येक वर्षांची नोकरी असते. नौदलातला चीफ पेटी ऑफिसर आणि वायुदलातला ज्युनिअर वॉरंट ऑफिसर यांची भूदलाच्या हुद्द्यांशी बरोबरी लावायला जाऊ नका, आहे तेच लिहा. कुणाला निवृत्तीच्या सुमारास ऑनररी लेफ्टनंट किंवा ऑनररी कॅप्टन हा मान मिळालेला असतो, तो गाळू नका. 'निवृत्त' हा शब्द नावानंतर कंसात येतो, हुद्द्याला चिकटवायचा नाही. म्हणजे 'सुभेदार अमुक तमुक (निवृत्त), मराठा लाइट इन्फंट्री, १९६८–१९९४'. 'निवृत्त सुभेदार श्री. अमुक' असं फौजेत कुणी लिहीत नाही.

शंका असेल तर डिस्चार्ज बुक किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं ओळखपत्र घरातच बघून घ्या, चारचौघांत पुरावा मागू नका. सर्व्हिस नंबर, पीपीओ क्रमांक किंवा बँकेचा तपशील या कागदावर घेऊ नका. संकुलाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर अजिबात टाकू नका. पेन्शन बंद होईल अशी भीती घालून ओटीपी मागणारे भामटे नेमकी हीच माहिती शोधत असतात.

तारीख निवडताना

सोळा डिसेंबर सोयीचा. १९७१च्या युद्धातला हा विजय दिवस, हवा कोरडी आणि सकाळी उकाडा नसतो. त्या युद्धात विशीत असलेले आता पंचाहत्तरीच्या आसपास आहेत, त्यामुळे अशा संकुलात त्या पिढीचं कुणी ना कुणी सापडतंच. २६ जुलैचा कारगिल विजय दिवस भर पावसात येतो. ठाणे-नवी मुंबईत २६ जुलै म्हटल्यावर २००५चा पूरही आठवतो, म्हणून त्या दिवशी उघड्यावर मांडव नको, आतला हॉल असेल तरच धरा. १४ जानेवारी हा माजी सैनिक दिन आहे. फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ साली याच दिवशी निवृत्त झाले. पण बहुधा तीच संक्रांत असल्याने दुपारनंतर घरोघर पाहुणे येतात. सकाळचा कार्यक्रम आणि तिळगूळ असं जमत असेल तर उत्तम. सात डिसेंबर सशस्त्र सेना ध्वज दिनाचा. त्या दिवशी निधी गोळा करायचा असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फतच करा, स्वतःची पेटी फिरवू नका.

एकच दिवस धरून बाकी वर्ष कोरडं ठेवण्यापेक्षा ज्याच्या त्याच्या दलाच्या दिवशी दारावर जाऊन शुभेच्छा देणं जास्त भावतं. त्याला खर्च नाही, फक्त एक कॅलेंडर लागतं: १ फेब्रुवारी तटरक्षक दल, ४ फेब्रुवारी मराठा लाइट इन्फंट्री (१६७० साली याच दिवशी कोंढाणा सर झाला, त्याची आठवण), १५ फेब्रुवारी सिग्नल्स, ३ एप्रिल आर्मी मेडिकल कोअर, २८ सप्टेंबर तोफखाना, १ ऑक्टोबर महार रेजिमेंट आणि मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस, ८ ऑक्टोबर वायुदल, १५ ऑक्टोबर ईएमई (वाहनं-यंत्रं दुरुस्त करणारी कोअर), २७ ऑक्टोबर पायदळ, १८ नोव्हेंबर इंजिनिअर्स, ४ डिसेंबर नौदल, ८ डिसेंबर आर्मी सर्व्हिस कोअर.

पाहुणे, पत्रिका, बॅनर

सेवेतला अधिकारी पाहुणा हवा असेल तर थेट एखाद्या युनिटला फोन करू नका. जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांना चार ते सहा आठवडे आधी पत्र द्या, त्यात माजी सैनिकांची संख्या, वेळ आणि जागा लिहा. नवी मुंबईकरांचा इथे घोळ होतो. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे जिल्ह्यात आहे, पण खारघर, कामोठे, पनवेल रायगड जिल्ह्यात. तिथल्या लोकांनी रायगडच्या कार्यालयाकडे जायचं. पत्र चुकीच्या जिल्ह्यात गेलं की दोन आठवडे तिथेच पडून राहतं.

जवळच्या कॉलेजचे एनसीसी छात्र बोलवायचे असतील तर प्राचार्यांना पत्र द्या आणि तिथल्या एनसीसी अधिकाऱ्याशी बोला. प्रत्येक माजी सैनिकामागे एक छात्र पुरे. खोलीपासून खुर्चीपर्यंत आणि परत सोबत करणं एवढंच त्याचं काम. राजकीय पाहुणे बोलवावे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. बोलवलंच तर त्यांच्या वेळेसाठी ऐंशीतल्या माणसांना ताटकळत ठेवायचं नाही, हे आधीच फोनवर स्पष्ट सांगा.

बॅनरचं चित्र छपाईवाल्यावर सोडलं की तो इंटरनेटवरून परदेशी सैनिकांचा फोटो उचलतो. गणवेश, हेल्मेट, रायफल काहीच आपलं नसतं, आणि हे पहिल्या रांगेतल्या माणसाला एका नजरेत कळतं. उलटी रोवलेली रायफल आणि तिच्यावर हेल्मेट हे चिन्ह हुतात्म्यांचं आहे. समोर जिवंत बसलेल्या माणसाच्या सत्काराला ते लावू नका. 'अमर रहे'सुद्धा नको. त्यापेक्षा साध्या पांढऱ्या पाटीवर नावं आणि रेजिमेंट लिहिलेली हजारपट चांगली.

हॉल आणि झेंडा

हातांच्या खुर्च्या हव्यात, कारण हातावर भार दिल्याशिवाय उठता येत नाही. बिनहाताच्या प्लास्टिकच्या खुर्च्या गुळगुळीत फरशीवर मागे सरकतात, त्या टाळा. मंच करूच नका. तीन पायऱ्या चढवून माणसाला वर नेण्यापेक्षा अर्धगोलात एकाच पातळीवर बसवा आणि पाहुण्यांनी त्यांच्यापाशी जावं. व्हीलचेअरसाठी रांगेच्या टोकाला तीन फूट जागा सोडा. स्वच्छतागृहाजवळची बाजू ज्यांना वारंवार जावं लागतं त्यांच्यासाठी राखून ठेवा.

आवाजाकडे विशेष लक्ष हवं. तोफखान्यात, चिलखती दलात, जहाजाच्या इंजिनरूममध्ये नोकरी झालेल्यांचे कान बरेचदा उतरलेले असतात. त्यांना मोठा आवाज लागतो असा समज असतो, पण खरं तर स्पष्ट आणि संथ आवाज लागतो. श्रवणयंत्र लावलेल्या माणसाला स्पीकरशेजारी बसवलं तर सगळं कर्कश आणि फाटलेलं ऐकू येतं, आणि तो यंत्रच काढून ठेवतो. स्पीकर दोन छोटे, कानांच्या उंचीवर, पहिल्या रांगेपासून दहा फूट लांब ठेवा. फटाके, तोफेच्या आवाजाची ध्वनिफीत, अचानक दिवे मालवणं यातलं काहीही नको. युद्ध पाहिलेल्या माणसाला त्या आवाजात काय आठवेल ते आपल्याला ठाऊक नसतं.

राष्ट्रध्वज भाषण करणाऱ्याच्या उजव्या हाताला, किंवा त्याच्या मागे भिंतीवर डोक्याच्या वर. टेबलावर आच्छादन म्हणून, फलकाच्या अनावरणासाठी पडदा म्हणून किंवा मंचाला झालर म्हणून तिरंगा वापरणं ध्वजसंहितेत बसत नाही. अनावरणाला साधं भगवं किंवा पांढरं कापड घ्या. लांबी-उंचीचं प्रमाण ३:२ असतं, ते विकत घेतानाच मोजा, कारण बाजारात चुकीच्या मापाचे झेंडे सर्रास मिळतात. कागदी झेंडे वाटले तर कार्यक्रम संपल्यावर ते गोळा करायला दोन माणसं नेमा.

कार्यक्रम: पन्नास मिनिटं, जास्त नाही

साडेदहाला सुरू करा. मधुमेह असलेल्यांचा नाश्ता तोवर झालेला असतो आणि साडेअकराला जेवणाकडे वळता येतं. सुरुवातीला राष्ट्रगीत, सुमारे ५२ सेकंदांचं. त्याआधी सूत्रसंचालकाने एक वाक्य न चुकता म्हणावं: 'ज्यांना उभं राहणं शक्य नाही त्यांनी बसूनच राहावं.' हे न सांगितल्यास सगळ्यांत अशक्त माणूस सगळ्यांत आधी उठायचा प्रयत्न करतो, कारण ती सवय हाडात भिनलेली असते. म्हणून प्रत्येक छात्राने आपल्या माणसाच्या डाव्या कोपराशी हात तयार ठेवावा.

पुढची पस्तीस मिनिटं सन्मानाची. बारा जण असतील तर प्रत्येकी पावणेतीन ते तीन मिनिटं येतात. त्यात नाव, हुद्दा, रेजिमेंट, सेवेची वर्षं आणि एखादी ओळ, जी त्यांनी स्वतः सांगितली असेल तीच. क्रम कसा लावायचा यावर दरवर्षी वाद होतो. आमचं मत, वयाप्रमाणे लावावा, सर्वांत ज्येष्ठ आधी. हुद्द्याप्रमाणे लावला की कर्नलसाहेब पहिले आणि नव्वदीतला शिपाई शेवटचा, आणि एका संकुलात रोज एकाच बाकावर बसणाऱ्यांत ते बरं दिसत नाही. माइकवर 'आजोबा', 'काका' नको. एरवी खुशाल म्हणा, पण इथे 'सुभेदारसाहेब' किंवा 'हवालदारसाहेब'. सामान्य नागरिकांनी कडक सॅल्यूट ठोकण्याची गरज नाही, उभं राहून नमस्कार पुरे.

शाल-श्रीफळाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. एका हातात काठी असलेल्या माणसाला सोललेला का असेना, नारळ, पुष्पगुच्छ आणि सन्मानपत्र एकदम दिलं की तो गोंधळतो आणि फोटोत कावराबावरा दिसतो. श्रीफळ शेजारच्या टेबलावर ठेवा, शाल खांद्यावर अलगद घाला (पदकं लावलेली असतील तर ती झाकणार नाहीत अशी), आणि हातात फक्त सन्मानपत्र द्या. त्याची अक्षरं किमान १८ पॉइंटची हवीत. मेमेंटो म्हणून काचेची तोफ किंवा रणगाडा देण्यापेक्षा जुना फोटो मोठा करून फ्रेममध्ये दिलेला कुणीही कपाटात ढकलत नाही. त्यासाठी अल्बममधला फोटो ओढून काढू नका, गोंदाने मागचा कागद फाटतो. पानासकट ६०० डीपीआयला स्कॅन करा.

शेवटच्या दहा मिनिटांत, ज्यांना बोलायचं आहे त्यांना बोलू द्या. मुलांना प्रश्न आधी शिकवून आणा: 'कुठं कुठं पोस्टिंग होतं?', 'बर्फात जेवण कसं पोचायचं?', 'घरी पत्र किती दिवसांनी यायचं?' 'तुम्ही किती शत्रू मारले?' हा प्रश्न शाळेतली मुलं विचारतातच, त्यांना बाजूला घेऊन आधीच सांगून ठेवा.

बडाखाना

फौजेत बडाखाना म्हणजे अधिकारी, जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) आणि जवान एकत्र बसून जेवतात ते जेवण. त्या धर्तीवर बाकीच्या रहिवाशांनी वाढावं. साठ माणसांना तांदूळ ५ किलो, पुऱ्यांची कणीक ५ किलो, बटाटे ७ किलो, श्रीखंड ३ किलो पुरतं. ज्येष्ठांच्या जेवणात यापेक्षा जास्त केलं की उरतं. कवळी असलेल्यांसाठी पुरीऐवजी मऊ फुलके आणि वरण-भात वेगळा ठेवा. मीठ बेताचं असू द्या, लोणचं-पापड टेबलावर वेगळं. तिरंगी केक कापण्याची टूम निघाली आहे. झेंड्याचं चित्र सुरीने कापायचं हे फौजेत आयुष्य घातलेल्या माणसासमोर तरी करू नका.

पदकं

कार्यक्रमाच्या आधी घरोघरी पदकं पुसण्याची लगबग सुरू होते, आणि पीतांबरीने घासून वर्षानुवर्षांचे बारकावे एका सकाळीत झिजवले जातात. कोरड्या सुती कापडाने हलकेच पुसा, बास. दमट हवेत फिती बुरशी धरतात. बंद डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि पावसाळ्यात महिन्याला बदला. विरलेली फीत बदलताना रंगांचा क्रम जुन्या फितीशी ताडून घ्या, एकसारख्या दिसणाऱ्या फितीतही पट्ट्यांची रुंदी वेगळी असते. पदकांचा आपसातला क्रमही ठरलेला असतो. ओवून घेण्याआधी जुना फोटो काढून ठेवा आणि काम सैनिकी साहित्य शिवणाऱ्या टेलरकडेच द्या.

आपली पदकं छातीच्या डाव्या बाजूला लावतात. दिवंगत पतीची किंवा मुलाची पदकं नातेवाईक उजव्या बाजूला लावतात. वीरपत्नींना हे कुणी सांगत नाही आणि ऐनवेळी कुणीतरी हौशी माणूस ती डावीकडे टोचून देतो. साडीवर जड पदकांनी कापड फाटतं, म्हणून आतून दुहेरी कापडाची पट्टी लावून पिन घाला.

कायमचा फलक

एकाच ग्रॅनाइटवर सगळी नावं कोरली की पुढच्या वर्षी नवा रहिवासी आला की पंचाईत. त्याऐवजी चार बाय तीन फुटांचा पाया आणि त्यावर स्क्रूने बसणाऱ्या, बारा बाय तीन इंचांच्या सुट्या नामपट्ट्या करा. निम्मी जागा मोकळी ठेवा. नावाचं अक्षर एक इंच, खालची ओळ अर्धा इंच. फलकाचा मध्य जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे व्हीलचेअरवरूनही वाचता येतो. ऐरोली, नेरूळ, सीवूड्ससारख्या खाडीकाठच्या जागी पितळ वर्षभरात काळवंडतं. स्टील घेणार असाल तर ३१६ ग्रेडचं घ्या, ३०४वर खाऱ्या हवेने डाग पडतात.

सगळ्यांत मोठी अडचण अक्षरांची. आपण युनिकोडमध्ये पाठवलेला मजकूर कोरणारा आपल्या जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतो आणि त्यात 'ऱ्या', रफार आणि जोडाक्षरं फुटतात. 'मोऱ्यां'चं भलतंच काही होतं. म्हणून कोरण्याआधी मूळ मापाची कागदी प्रत मागा, त्या त्या घरी नेऊन सही घ्या, आणि सही नसलेली एकही पट्टी कोरायला देऊ नका.

वर्षभराचं टेबल

ज्या संकुलाला समारंभ आणि कागदपत्रांच्या मदतीचं हे टेबल यांतलं एकच जमणार असेल, त्याने समारंभ सोडावा.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दोन सकाळी हयातीच्या दाखल्यासाठी राखून ठेवा. ८० वर्षांवरच्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. लागतं ते आधार, पीपीओ क्रमांक आणि मोबाइल. बोटांचे ठसे या वयात उमटत नाहीत, त्यामुळे जीवन प्रमाण अॅपवर चेहऱ्याची पडताळणी करा. खिडकीकडे तोंड करून बसवा, चष्मा काढा, पापण्यांची उघडझाप करायला सांगा. मागून उजेड आला की पडताळणी फसते. स्पर्श या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीत आलेल्या भूदलाच्या पेन्शनरसाठी मंजुरी देणारं कार्यालय 'डिफेन्स – पीसीडीए (पी) अलाहाबाद' आणि वितरण करणारं 'स्पर्श – पीसीडीए (पेन्शन्स) अलाहाबाद' निवडायचं. सवयीने बँकेचं नाव निवडलं जातं, दाखला तयार झाल्याचा संदेशही येतो, आणि पेन्शन मात्र थांबते. नौदल आणि वायुदलाची मंजुरी देणारी कार्यालयं वेगळी आहेत, ती पीपीओवरून बघा. दाखला जमा झाला की नाही ते स्पर्शच्या खात्यात उघडून तपासल्याशिवाय माणसाला घरी पाठवू नका.

त्याच टेबलावर पीपीओमधलं पत्नीचं नाव आणि जन्मतारीख आधारशी ताडून घ्या. आपल्याकडे लग्नात नाव बदलायची पद्धत होती. रेकॉर्डला माहेरचं नाव, आधारला सासरचं, असं कित्येक घरांत आहे. ही दुरुस्ती पती हयात असताना सोपी असते. नंतर त्याच कामासाठी बाईंना प्रतिज्ञापत्रं घेऊन हेलपाटे मारावे लागतात. राज्यात २०२० पासून माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांसाठी घराच्या मालमत्ता करात सवलतीची योजना आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला जोडून पालिकेकडे अर्ज करावा लागतो, आपोआप काही होत नाही.

सुरक्षारक्षकाच्या केबिनमध्ये ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) यादीवरच्या जवळच्या रुग्णालयांची नावं आणि फोन लावून ठेवा. रात्री अडीच वाजता यादीबाहेरच्या रुग्णालयात न्यावं लागलं तर ४८ तासांच्या आत ईसीएचएसला कळवायचं असतं. हे कळवण्याचं काम कोण करणार त्या माणसाचं नाव आधीच ठरवा. घरचे त्या वेळी आयसीयूबाहेर असतात, त्यांना ते सुचत नाही.

एखाद्या माजी सैनिकाचं निधन झालं तर पार्थिवावर आपल्या मनाने तिरंगा घालू नका. शासकीय, लष्करी आणि निमलष्करी अंत्यविधीखेरीज ध्वजसंहिता त्याला परवानगी देत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला लगेच कळवा. पुष्पचक्र किंवा प्रतिनिधी पाठवता येईल का ते तेच सांगतील. मृत्यूचा दाखला मिळाल्यावर दहा प्रती काढा, स्पर्शवर निधनाची नोंद करा आणि पत्नीचं बँक खातं, आधार, पीपीओ एका फायलीत लावून कौटुंबिक पेन्शनचा अर्ज त्याच आठवड्यात टाका. पेन्शन खात्यात जमा होत राहिली तरी निधनानंतरची रक्कम काढू नका, ती नंतर वसूल होते. फलकावरची पट्टी काढायची नाही.